कॉम्प्युटर सुरू झाला की आत कोण येतं?

(महिला संघटना आणि समुपदेशन केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हे आमचं काम नाही, आमच्याकडे एक मुलगा येतो, तो बघतो." हे वाक्य मी जिथे जाते तिथे ऐकते, म्हणून सुरुवात तिथूनच करू या.

आपल्या केंद्रात बाई येते. नवऱ्याविरुद्ध, सासरच्यांविरुद्ध, कधी पोटच्या मुलाविरुद्ध बोलते. आपण तिचा अर्ज लिहून घेतो. ती सध्या कुठे राहते, मुलं कोणत्या शाळेत जातात, वकील कोण, पुढची तारीख कधी, हे सगळं हल्ली रजिस्टरमध्ये कमी आणि कॉम्प्युटरमध्ये जास्त असतं. एम.एस.डब्ल्यू. करताना गोपनीयता हा आमचा पाठच असायचा. केसची फाइल कुलपात ठेवायची आणि किल्ली कोणाकडे आहे हे आपल्याला माहीत पाहिजे, एवढा त्याचा साधा अर्थ. मग कॉम्प्युटर नावाच्या कपाटाच्या किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे आहेत, हे बघणं 'त्या मुलाचं' काम कसं काय? ते आपलंच आहे.

मी इंजिनियर नाही. पंधरा वर्षांपूर्वी मलाही कॉम्प्युटर म्हणजे पत्र टाइप करायचं यंत्र एवढंच ठाऊक होतं. आज मी जे सांगणार आहे, ते अर्ज टाइप करता येणाऱ्या कोणत्याही बाईला जमतं. वही-पेन जवळ ठेवा.

न बोलावता येणारे

तुम्ही बटण दाबता, विंडोजचं चिन्ह येतं, पासवर्ड टाकता. तुम्ही अजून काहीही उघडलेलं नाही. तरीसुद्धा तोवर अनेक प्रोग्राम चालू झालेले असतात. सकाळी आपण दाराची कडी काढतो, तेव्हा दूधवाला येतो, पेपर पडतो, कचरा न्यायला ताई येतात. त्यांना आपण रोज हाक मारत नाही, एकदा सांगून ठेवलेलं असतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. अँटीव्हायरस, आवाजाचा प्रोग्राम, प्रिंटरचा, मराठी टायपिंगचा, टॅलीचा परवाना तपासणारा, डिजिटल सहीच्या टोकनचा, यांना 'रोज या' असं कधीतरी सांगितलेलं असतं. यात वाईट काही नाही. ही सोय नसती तर रोज सकाळी अर्धा तास आपणच एकेक चालू करत बसलो असतो.

पण वाईट हेतूने आलेल्या प्रोग्रामलाही हीच सोय लागते. कारण साधं आहे. कॉम्प्युटर बंद केला की चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम थांबतो, चांगला असो की वाईट. पाळत ठेवणाऱ्याला आज एक दिवस आत शिरून भागत नाही, त्याला उद्या आणि परवाही आत यायचं असतं. म्हणजे कुठेतरी 'मला रोज सुरू कर' अशी नोंद त्याला करून ठेवावीच लागते. त्याच नोंदी वाचायला आपण आज शिकणार आहोत.

ही युक्ती जुनी आहे. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघालेली एक ई-मेल जगभर पसरली. तिचा विषय होता 'आय लव्ह यू', आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. नावाच्या शेवटी टेक्स्ट फाइलसारखी अक्षरं होती, पण त्यांच्याही पुढे आणखी तीन अक्षरं होती, व्हीबीएस. म्हणजे ते पत्र नव्हतंच, प्रोग्राम होता. फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं विंडोज सहसा दाखवत नाही, त्यामुळे लोक फसले. ती फाइल उघडली की प्रोग्राम आपल्या प्रती विंडोजच्या फोल्डरांमध्ये ठेवायचा आणि कॉम्प्युटर सुरू होताना चालवायच्या यादीत स्वतःची नावं लिहायचा. नावं कोणती? 'एमएस कर्नल ३२' आणि 'विन ३२ डीएलएल'. ऐकूनच वाटतं, हे काहीतरी विंडोजचं आतलं असणार, हात लावायला नको. आपल्या याच भीतीचा त्याने फायदा घेतला. पहिला धडा इथेच लिहून घ्या: भारदस्त नाव हा चांगुलपणाचा दाखला नसतो.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. पुण्यातल्या एल्गार परिषद खटल्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. त्यात म्हटलं आहे की 'नेटवायर' नावाचा प्रोग्राम जून २०१६ मध्ये त्या लॅपटॉपमध्ये शिरला, बावीस महिन्यांहून थोडा अधिक काळ तो कोणाच्या तरी ताब्यात होता, आणि किमान दहा पत्रं बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली गेली. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही, आणि त्याचा निवाडा न्यायालय करेल. आपल्यापुरता मुद्दा वेगळा आहे. नेटवायर चोरबाजारातून लपूनछपून विकला जात नव्हता. 'दूरून कॉम्प्युटरची देखभाल करण्याचं साधन' म्हणून त्याची उघड वेबसाइट होती. ती अमेरिकी यंत्रणांनी मार्च २०२३ मध्ये जप्त केली. तोवर वर्षानुवर्षं तो सभ्य नावाने विकला गेला. हे लक्षात ठेवा, याच्याकडे आपण परत येणार आहोत.

यादी कुठे बघायची

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप' किंवा 'स्टार्टअप ॲप्स' असा भाग आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रामचं नाव, तो बनवणाऱ्याचं नाव आणि तो चालू ठेवला आहे की बंद, हे दिसतं. वरच्या शीर्षकांच्या ओळीवर राइट क्लिक केलंत तर 'कमांड लाइन' हा रकाना जोडता येतो. तो जरूर जोडा. नाव काहीही असलं तरी नेमकी कोणती फाइल कुठून चालते, ते तिथे लिहिलेलं असतं. माणसाचं नाव विचारायच्या आधी पत्ता विचारावा, तसं हे.

मात्र ही यादी पूर्ण नाही. वेळापत्रकावर चालणारी कामं टास्क शेड्युलरमध्ये असतात, आणि पडद्याआड राहणाऱ्या सेवा 'सर्व्हिसेस'मध्ये. हुशार चोर पुढच्या दाराने येत नाही, तसे पाळतीचे प्रोग्राम बऱ्याचदा या दोन ठिकाणी बसतात. सगळी दारं एकदम दाखवणारा 'ऑटोरन्स' नावाचा फुकट प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वेबसाइटवर मिळतो. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी तो लिहिला, आणि २००६ मध्ये त्यांची कंपनी मायक्रोसॉफ्टने घेतली. त्याची यादी लांबलचक असते, पहिल्यांदा बघून छाती दडपते. घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याची आणि प्रत्येक प्रोग्रामवरची डिजिटल सही तपासण्याची सोय त्यात आहे. ती वापरली की यादी बरीच आटोपशीर होते.

चार प्रश्न

आता प्रत्येक नोंदीला चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: तू कोणाचा? फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग दिसतो. फाइलच्या माहितीत कंपनीचं नाव कोणीही टाइप करू शकतं, सही करणं तितकं सोपं नाही. सही नाही म्हणून प्रोग्राम वाईटच, असंही नाही. लहान संस्थांनी, एकट्यादुकट्याने लिहिलेल्या कितीतरी चांगल्या प्रोग्रामांवर सही नसते. आणि सही आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटवर रिअलटेक कंपनीची चोरलेली सही होती. रिअलटेक म्हणजे तीच, जिचा आवाजाचा प्रोग्राम तुमच्यातल्या बहुतेकींच्या यादीत दिसेल.

दुसरा प्रश्न: तू राहतोस कुठे? विंडोजच्या आतल्या प्रोग्रामांचं घर ठरलेलं असतं, 'विंडोज' फोल्डरमधलं 'सिस्टिम ३२'. आपण विकत घेतलेले सहसा 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये राहतात. रोज सुरू होणारा प्रोग्राम 'टेम्प' किंवा 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये मुक्काम ठोकून असेल, तर त्याला विचारायलाच हवं. 'ॲपडेटा'मध्ये असेल तर थांबून बघा, पण लगेच आरोप करू नका, तिथे वनड्राइव्हसारखे चांगले प्रोग्रामही राहतात. एक नाव लिहून घ्या: 'एसव्हीसीहोस्ट'. हे विंडोजचं खरं काम करणारं नाव आहे आणि चालू प्रोग्रामांमध्ये त्याच्या कितीतरी प्रती दिसतात, ते ठीकच आहे. पण तो स्टार्टअपच्या यादीतून सुरू होत नाही, त्याला विंडोजची सेवायंत्रणा सुरू करते. म्हणून स्टार्टअपच्या यादीत हे नाव दिसलं, किंवा त्यातली दोन अक्षरं उलटसुलट करून 'एससीव्हीहोस्ट' दिसलं, तर समजा की कोणीतरी दुसऱ्याचा गणवेश घालून आलं आहे.

आणखी एक खोच. कधी प्रोग्राम खराखुरा मायक्रोसॉफ्टचा असतो, पण त्याच्या हातात दुसऱ्याची चिठ्ठी असते. 'पॉवरशेल', 'डब्ल्यूस्क्रिप्ट', 'रनडीएलएल ३२' ही विंडोजची हत्यारं आहेत. कमांड लाइनमध्ये यांच्या नावापुढे कुठल्या तरी अनोळखी फाइलचा पत्ता लिहिलेला असेल, तर ती फाइल तपासायची. मोलकरीण विश्वासाची आहे, पण पिशवी कोणाची आहे, असा हा प्रश्न.

तिसरा प्रश्न: तू कधी आलास आणि कोणाच्या हातून? फाइलची तारीख बघा आणि आठवा, त्या सुमारास काय झालं होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता का? कोणी फुकटात विंडोज 'ॲक्टिव्हेट' करून दिलं का? आपल्या संस्थांत हे सर्रास चालतं, कारण पैसे नसतात. असे ॲक्टिव्हेटर स्वतःसाठी टास्क शेड्युलरमध्ये रोजची नोंद करून ठेवतात, आणि ते बसवताना 'अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा' असं सांगितलं जातं. पहारेकऱ्याला झोपवून आत आणलेल्या पाहुण्यावर कितपत भरवसा ठेवायचा? कंपन्यांनी देणगी दिलेले जुने कॉम्प्युटर आपल्याकडे येतात, त्यांच्यातही आधीच्या मालकाचे देखरेखीचे प्रोग्राम राहिलेले असू शकतात. फाइलची तारीख बदलता येते, म्हणून तो पुरावा मानू नका. पण ती आठवणीला चालना देते.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: तू काम कोणासाठी करतोस?

प्रोग्राम चांगला, हेतू वाईट

एक हकीकत सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक बाई घरच्या कॉम्प्युटरवर आम्हाला पाठवायचा अर्ज लिहायची. अर्ज आमच्यापर्यंत पोचायच्या आत नवऱ्याने त्यातली वाक्यं तिच्या आईला फोनवर म्हणून दाखवली. ती केंद्रात आली ती आमच्यावर चिडूनच. तिला वाटलं, आमच्यापैकी कोणीतरी फितूर झालं. मग तिला वाटायला लागलं, आपल्यालाच भ्रम होतोय. हिंसेचा हा प्रकार आपण ओळखतो ना? बाईचा माणसांवरचा विश्वास उडवायचा, आणि मग स्वतःवरचाही.

आम्ही तिला सांगितलं, यादी कागदावर उतरवून आण. मोबाइलवर फोटो नको, कारण मोबाइलही कोण बघतं हे आम्हाला माहीत नव्हतं. मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने पेन्सिलीने एकेक नाव लिहून आणलं, स्पेलिंग न चुकता. त्यात दूरून कॉम्प्युटर चालवण्याचा एक प्रोग्राम होता. नावाजलेल्या कंपनीचा, सही असलेला, योग्य फोल्डरमध्ये राहणारा. पहिले दोन्ही प्रश्न त्याने पैकीच्या पैकी गुणांनी सोडवले असते. अँटीव्हायरसही गप्प होता, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबर होतं, कारण तसेच प्रोग्राम हजारो ऑफिसांत रोज वापरले जातात. नवऱ्याने तो 'ऑफिसचं काम घरून करायला' म्हणून टाकला होता. पण तो असा लावलेला होता की समोर बसलेल्या माणसाची परवानगी न विचारता कोणीही पासवर्ड देऊन आत येईल. ऑफिसात बसून तो तिचा पडदा बघत होता.

आता सांगा, हा प्रोग्राम चांगला की वाईट? कॉम्प्युटरच्या पुस्तकात बघाल तर चांगला. त्या बाईच्या जागी बसून बघाल तर घरात बसवलेला पहारेकरी. म्हणून मी म्हणते, चांगलं-वाईट ठरवायचं काम यंत्रावर सोडता येत नाही. अँटीव्हायरस एवढंच सांगू शकतो की हा प्रोग्राम त्याच्या ओळखीच्या गुन्हेगारांपैकी आहे की नाही. 'माझ्या संमतीने आला का?' हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. तो आपणच विचारायचा आहे, आणि तो आपण चळवळीत फार पूर्वीपासून विचारत आलो आहोत.

'मुलांवर लक्ष ठेवा', 'कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवा' अशा जाहिरातींनी असे कितीतरी प्रोग्राम विकले जातात. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सायबरस्पाय नावाच्या कंपनीविरुद्ध दावा लावला. तिचा 'रिमोटस्पाय' हा प्रोग्राम दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवायचा, आणि तो साध्या फोटोच्या रूपात दुसऱ्याला ई-मेलने कसा पाठवायचा हे कंपनी ग्राहकाला शिकवायची. २०१० मध्ये तडजोड झाली आणि असं शिकवण्यावर बंदी आली. म्हणजे पाळत ही काही अंधाऱ्या खोलीतली कारागिरी राहिलेली नाही, ते दुकानात मिळणारं सामान आहे. ते वापरायला नवऱ्याला हुशारी लागत नाही, लागतो फक्त हक्क गाजवायचा स्वभाव आणि कॉम्प्युटरजवळची दहा मिनिटं.

दिसलं म्हणून लगेच काढू नका

इथे मला ठासून सांगायचं आहे. केंद्राच्या कॉम्प्युटरवर अनोळखी नोंद दिसली तर आधी 'डिसेबल' करा, 'डिलीट' नको. डिसेबल म्हणजे उद्यापासून येऊ नकोस, एवढंच. चुकलं तर परत चालू करता येतं. 'सीटीएफमॉन' नावाची नोंद बघून पुष्कळजणी दचकतात, पण तो विंडोजचा भाषा आणि कळफलक सांभाळणारा प्रोग्राम आहे. त्याला बंद केलंत तर मराठी टाइप करतानाच पंचाईत होईल. 'सिक्युरिटी हेल्थ सिस्ट्रे' हे नाव विचित्र वाटतं, पण ते विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षेचं चिन्ह आहे. नुसतं 'प्रोग्राम' असं लिहिलेली, बनवणाऱ्याचं नाव नसलेली नोंद बहुतेक वेळा काढून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रामची उरलेली पाटी असते. कमांड लाइन वाचली की उलगडा होतो.

संशय राहिलाच तर व्हायरसटोटल या वेबसाइटवर प्रोग्रामची फाइल अनेक अँटीव्हायरसांकडून एकदम तपासून घेता येते. पण तिथे चढवलेली फाइल इतरांनाही मिळू शकते. म्हणून प्रोग्राम तपासा, बायकांचे अर्ज आणि कागदपत्रं तिथे कधीही टाकू नका.

बाईच्या घरातला कॉम्प्युटर असेल तर मात्र नियम उलटा. तिथे डिसेबलसुद्धा करायचं नाही, आधी तिच्याशी बोलायचं. पाळत अचानक बंद पडली की पाळत ठेवणाऱ्याला कळतं. बाई घर सोडायच्या तयारीत असते तेव्हा हिंसा वाढते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. त्या बाईने तो प्रोग्राम तीन आठवडे तसाच चालू ठेवला. त्या कॉम्प्युटरवर ती मुलांचा अभ्यास घ्यायची, पाककृती बघायची, आणि खरा अर्ज केंद्रात येऊन लिहायची. पासवर्डही तिने केंद्रातल्या कॉम्प्युटरवरूनच बदलले. घरच्या कॉम्प्युटरवर बदलले असते तर नवे पासवर्डही त्याला आयते मिळाले असते. राहायची सोय झाली, मुलांना घेऊन ती बाहेर पडली, आणि मग तक्रार दिली. कधी काय करायचं हे तिने ठरवलं, आम्ही फक्त माहिती दिली.

कायदा काय म्हणतो

२०१३ मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हे त्या व्याख्येतच आहे. कलमात 'कोणताही पुरुष' असे शब्द आहेत, नवरा वगळलेला नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातली कलमं ४३ आणि ६६ ही परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दल आहेत. पण तिथे मालकाची किंवा कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी असा मुद्दा येतो, आणि घरातला कॉम्प्युटर बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो. पाठलागाच्या कलमात कॉम्प्युटर कोणाचा हा प्रश्न येत नाही. ठाण्यात गेल्यावर 'घरचाच कॉम्प्युटर आहे ना, मग काय झालं?' असं विचारलं गेलं तर हा फरक सांगता आला पाहिजे. शिवाय कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा, २००५ मध्ये मानसिक छळ येतोच.

पुराव्यासाठी काय कराल? सुरक्षित असेल तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो घ्या, तारीख-वेळ वहीत लिहा, आणि कॉम्प्युटर 'साफ' करायला कोणाच्या हातात देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे वकिलांना आधीच विचारा. सायबर गुन्ह्यांची तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय पोर्टलवर करता येते, आणि महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे.

यादी स्वच्छ, तरी

ही यादी स्वच्छ निघाली म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. नवऱ्याला तिच्या ई-मेलचा पासवर्ड माहीत असेल तर त्याला कोणताही प्रोग्राम लागत नाही. खात्यात आणखी कोणती यंत्रं उघडी आहेत, हे खात्याच्या सुरक्षा विभागात दिसतं, तेही बघा. कळफलकाची वायर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारं बोटभर यंत्रही कळा टिपू शकतं, आणि ते कोणत्याच यादीत दिसत नाही. कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघायची सवय लावा. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आपल्या केंद्रांत ते अजून चालू आहे. त्याचा विचार पुढच्या अंदाजपत्रकात करायला लागेल. मोबाइलचा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळं सत्र घेऊ.

आता आपण काय ठरवायचं? माझ्या चार सूचना आहेत. एक, प्रत्येक केंद्राने कॉम्प्युटरसाठी एक वही ठेवायची. आज जी स्टार्टअपची यादी आहे ती तिच्यात हाताने उतरवायची, प्रत्येक नावापुढे कोणाचा आणि कशासाठी ते लिहायचं. जे सांगता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह काढायचं आणि ते पुसलं जाईपर्यंत पाठपुरावा करायचा. दोन, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं काढून नवी यादी जुन्या यादीशी ताडून बघायची. सगळे प्रोग्राम ओळखता आले नाहीत तरी चालेल, नवं कोण आलं एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. तीन, हे काम निदान दोघींना यायला हवं, म्हणजे एकीच्या रजेमुळे अडणार नाही आणि एकीच्याच हातात सगळी सत्ताही जाणार नाही. चार, दुरुस्तीवाला असो, विश्वस्तांचा भाचा असो की स्वयंसेवक, वहीत नोंद केल्याशिवाय कोणीही कॉम्प्युटरमध्ये काही घालायचं नाही, आणि त्याच्याशेजारी आपल्यापैकी एकीने बसायचं. त्याचा राग आला तर येऊ दे.

आपल्या दारात येणारी बाई आपल्याला काहीच विचारत नाही. ती गृहीत धरते की इथे बोललेलं इथेच राहील. ते तसं राहतं आहे की नाही, हे तपासायला पंधरा मिनिटं लागतात. चला, आता चार-चारजणींचे गट करा. बाहेरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर लावून ठेवले आहेत. तीन कळा कोणत्या, लक्षात आहे ना?